डावीकडून उजवीकडं

पहिलंच सांगून टाकते. माझा भाऊ गणितात कच्चा नव्हता. आमच्या बिरादरीत, आणि पुढं माझ्या सासरीसुद्धा, एकच गोष्ट घट्ट बसलेली होती, की युसुफ ओव्हरसियरच्या वर्गाच्या निवडीला गेला, गणितात आपटला आणि कराचीला चाचांकडं निघून गेला. यातलं निवडीला गेला हे खरं, निघून गेला हेही खरं. मधलं खोटं. मी जन्मभर पत्रकं लिहिली, कधी नळाच्या पाण्यासाठी, कधी रेशनच्या ज्वारीसाठी, कधी टाकून दिलेल्या बायांच्या पोटगीसाठी. गुळमुळीत लिहिणं मला जमत नाही. ज्यांना नुसत्या गोड आठवणी वाचायच्यात त्यांनी ही पानं खुशाल सोडून द्यावीत.

आम्ही गुलमंडीच्या मागच्या बोळात राहायचो. खाली अब्बांचं दुकान, वर दोन खोल्या आणि एक गच्ची. अब्बा शेरवानीचे कटर. शिवायला कारागीर होते, पण कापडावर कैची चालवायची ती अब्बांनीच. ती मोठी काळी कैची कापडातून जायला लागली की कर्र असा लांब आवाज वरपर्यंत यायचा, आणि तो आवाज चालू असेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही असा कायदा होता. अम्मी भाकरी थापत असली तर तिचे हात काटवटीवर तसेच थांबायचे. कैची थांबली की थापटणं पुन्हा सुरू. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच घरी भाकरी अशी थांबून थांबून होते. अब्बांचं म्हणणं एवढंच होतं, की शिलाई उसवता येते, काप परत जोडता येत नाही. चुकून वाकडा काप गेलाच तर ते गिऱ्हाइकाला सबब सांगत नसत. स्वतः बाजारात जाऊन तसलंच कापड आणत आणि पहिल्यापासून कापत.

पोलीस ॲक्शननंतर शेरवानी गेली. म्हणजे अक्षरशः गेली, रस्त्यातून दिसेनाशी झाली. ज्या वकिलांची, तहसिलीतल्या बाबूंची मापं अब्बांना पाठ होती ती माणसं बुशकोट घालून फिरायला लागली. अब्बांनी कुठून तरी एक जुना बुशकोट आणला, उसवला, त्याचे तुकडे फरशीवर मांडून खूप वेळ बघत बसले. "इसमें है क्या?" म्हणाले. "पोते कू बाहाँ लगा दिये, बस." आणि दुसऱ्या दिवसापासून बुशकोट कापायला लागले.

घरात दोन भाषा नांदायच्या. अम्मी सिल्लोडची, तिचं माहेर कापसाच्या अडतीला लागून, त्यामुळं तिच्या तोंडात रोखठोक मराठी. अब्बा दखनीत विचारायचे, अम्मी मराठीत उत्तर द्यायची, आणि भांडण पेटलं की दोघंही भाषा बदलायची, समोरच्याला नीट लागावं म्हणून. शाळा मात्र उर्दू. आमचीच नाही, सगळ्यांची. देवगाव रंगारीचा दिगंबर, भाईचा जिवाभावाचा दोस्त, शेतकऱ्याचा पोरगा, तोही वरच्या वर्गात उर्दूतच गणित शिकला. निजामाच्या राज्यात मोठ्या इयत्तांना मराठी नव्हतीच. मग राज्य बदललं आणि वरचे वर्ग मराठीत होणार असं ठरलं. लोकांची ती मागणी रास्त होती. मी आजही म्हणते, आणि या वयात माझ्या तोंडून कुणी उलटं वदवून घ्यायला येऊ नये. पण मराठी आली ती रिकाम्या हातानं आली. पुस्तक नाही. गणिताचे मास्तर येणार, येणार म्हणून पोरं वर्गात एकमेकांना कोडी घालत बसली. परीक्षा तेवढी वेळेवर.

उर्दूचे काही वर्ग चालू राहिले होते. भाईला तिकडं बसता आलं असतं. अब्बांनी साफ नाही म्हटलं. "सरकार मराठी में लिखेगी, और ये उर्दू में पूल बांधेगा? कौन चढेगा उसपे?" भाईला ओव्हरसियर व्हायचं होतं. जमीन मोजायची, रस्ते आखायचे, कालवे काढायचे. मोहल्ल्यातल्या मशिदीच्या मिनाराची उंची त्यानं सावलीवरून काढली होती आणि मौलवीसाहेबांना सांगितली होती, ते म्हणाले, "माशाल्ला, पण वर चढून बघितलं कुणी?"

चाचा मात्र कराचीला गेले होते. त्यांचे निरोप यायचे, युसुफला पाठवा, इथं कामाला तोटा नाही. अम्मी ऐकूनच उठायची. "माझं पोरगं मी दर्याच्या पल्याड नाय धाडायची. त्यांना सांगा, मेली म्हणावं भावजय." शेवटी एका जेवणाच्या वेळी अब्बांनी निवाडा केला. "ओव्हरसियरी मिली तो यहीं रहेगा. नै मिली तो चाचा के पास जाएगा. बुशकोटों पे दो मर्दों का पेट नै चलता." म्हणजे त्या उन्हाळ्यात भाई आमच्या घरात राहणार की समुद्रापलीकडं जाणार, हे त्या एका निवडीवर टांगलेलं होतं, आणि आम्ही सगळे त्याच्याखालीच बसून जेवत होतो.

भाईला मराठी बोलायला येत होती, ती तर अम्मीच्या दुधातून आलेली. अडचण हाताची होती. घाईत लिहायला घेतलं की त्याचा हात उर्दूच्या सवयीनं आपोआप पानाच्या उजव्या कडेला जायचा. म्हणून त्यानं पण केला, की निवड होईपर्यंत सगळं डावीकडून. पान डावीकडून उलटायचं. चप्पल डावी आधी. गच्ची झाडायची ती डाव्या भिंतीपासून. इथवर कुणाची हरकत नव्हती. पण मग एका दुपारी दस्तरखान पसरलं, आंबट दाल, भाकरी, फोडलेला कांदा मांडला, आणि भाई डावीकडून वाढायला लागला. आमच्यात वाढणं उजवीकडून असतं, लहान मूलसुद्धा जाणतं.

"आरं ये," अम्मी ओरडली, "जेवणावर तरी तुझं गणित नको आणू!"

"अम्मी, निवड होऊ दे. मग जन्मभर उजवीकडून वाढतो."

अब्बा उजव्या टोकाला बसलेले. त्यांच्या ताटलीपर्यंत दाल शेवटी पोचली, तीही तळातली. त्यांनी पातेल्यात वाकून बघितलं. "मतलब घर का मालिक आखिर में?"

"सरकार बदली, अब्बा."

अब्बा इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि अम्मीनं पाठीवर थोपटता थोपटता तोंड फिरवून हसून घेतलं. त्या घरातलं एवढं मोठं हसणं मला त्यानंतरचं आठवत नाही.

दुकानात शेरवानीच्या काळ्या अस्तराचे ठाण पडून होते, कुणी विचारत नव्हतं. भाईनं त्यातला मोठा तुकडा वरच्या खोलीत भिंतीला ठोकला, अब्बांचा मापाचा खडू घेतला, की झाला फळा. रोज दुपारी तो त्या अस्तरापुढं उभा राहून मला मराठीत शिकवायचा. मला ते शिकायची वेळ यायला अजून अवकाश होता. त्याला फक्त समोर कान हवे होते. वर्तुळ काढायचा, मधून आडवी-उभी रेषा, आणि चार चरण. "जुबी, ऐक. जेबचा वर्ग अधिक जेब-तमामचा वर्ग..." मग स्वतःच्याच डोक्यात टपली मारायचा. "जेब नाही, साइन. साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग बरोबर एक. कोन कुठलाही घे, हे बदलत नाही. म्हणून साइन माहीत असला की कोसाइनचा वर्ग मिळाला. पण मूळ काढलं की उत्तरं दोन निघतात, एक धन, एक ऋण. दिसायला दोन्ही खरी. आता त्यातलं आपलं कुठलं?"

"मला काय माहीत."

"आकड्याला पण नाही माहीत. कोन कोणत्या चरणात आहे ते बघायचं. उभ्या रेषेच्या उजव्या अंगाला असला तर कोसाइन धन, डाव्या अंगाला गेला तर ऋण. तोच आकडा, बरं का. फक्त जागा बदलली."

चरणांना नंबर द्यायचे ते वर उजवीकडून सुरू करून. वर उजवीकडचा पहिला, वर डावीकडचा दुसरा, मग खाली डावीकडचा, मग खाली उजवीकडचा. हे भाई न बघता करायचा, माझ्याकडं तोंड करून बोलत असताना, पाठीमागं हात नेऊन. आज माझ्या नातीच्या पुस्तकात ते चार चरण चार रंगांत छापलेले आहेत, प्रत्येकात नंबर, प्रत्येकात चिन्ह. मी ते पान बघितलं आणि पुस्तक मिटलं. नात म्हणाली, "नानी, काय झालं?" तिला काय सांगणार, की एवढं एक छापील पान आमच्या घरात असतं तर!

निवडीच्या दिवशी अम्मीनं त्याच्या दंडाला इमाम जामिन बांधला, काम फत्ते व्हावं म्हणून कापडात गुंडाळलेलं नाणं. अब्बांनी स्वतः कापलेला नवा बुशकोट त्यानं घातला होता. दुपारी परत आला तेव्हा अम्मी अंबाडी निवडत होती. त्यानं हात धुतले, खाली दुकानात गेला आणि अब्बांना म्हणाला, "नै हुआ." कैची थांबली. अब्बा म्हणाले, "अच्छा." आणि जरा वेळानं कैची पुन्हा चालू झाली. वर अम्मीचे हात थांबले ते थांबलेच.

मला त्यानं संध्याकाळी सांगितलं, त्याच अस्तरापुढं. निवड करणाऱ्या साहेबांनी त्याला फळ्याजवळ बोलावलं होतं. प्रश्न इतका सोपा, की आता माझ्याच्यानंही सुटतो. साइन थीटा तीन छेद पाच, थीटा दुसऱ्या चरणात, कोसाइन आणि टॅन काढा. एकातून नऊ छेद पंचवीस वजा केले, सोळा छेद पंचवीस राहिले, मूळ चार छेद पाच, धन किंवा ऋण. इथवर सगळं बरोबर, सगळं मराठीत. मग ते म्हणाले, आकृती काढून चिन्ह ठरवा. त्यानं रेषा काढल्या आणि चरणांना नंबर दिले. वर डावीकडं एक, वर उजवीकडं दोन.

"मी बघतच नव्हतो, जुबी. मी पुढचं वाक्य जुळवत होतो. हातानं लिहिलं."

मग त्यानं आकृतीकडं बघितलं. दुसरा चरण उजवीकडं दिसला. उजवीकडं कोसाइन धन. म्हणून कोसाइन चार छेद पाच, टॅन तीन छेद चार, दोन्ही धन. हवं होतं ऋण. "नक्की?" असं विचारलं त्यांनी. तो म्हणाला, नक्की. जिना उतरताना त्याच्या ध्यानात आलं. पळत वर गेला तर पुढचा उमेदवार आत गेलेला, आणि शिपायानं दार धरून ठेवलेलं.

हे समजून घ्या, कारण सगळी गोष्ट इथंच आहे. उर्दू लिहिणाऱ्याचा हात उजवीकडून डावीकडं जातो. वरचे दोन चरणही उजवीकडून डावीकडंच मोजतात. म्हणून भाईला ते कधी पाठ करावं लागलंच नव्हतं, नाव लिहावं तसं ते हातातून यायचं. आणि त्या उन्हाळ्यात त्यानं तो हातच फिरवला. कुणी सांगणारा मास्तर नव्हता, की बाबा, बाकी सगळं फिरव, हे एवढं आहे तसं राहू दे. जी एक गोष्ट आधीपासून बरोबर होती, तीही तो सरळ करून बसला.

दुसऱ्या दिवशी दिगंबर आला. त्याची निवड झाली होती, पण त्याच्या चेहऱ्यावरून तसं दिसत नव्हतं. भाई घरी नव्हता. दिगंबर उंबऱ्यातच उभा राहिला.

"जुबी, मी दाराशीच बसलेलो व्हतो. त्यानं तुला सगळं सांगितलं का?"

"चरण चुकला म्हणाला."

"आन् मधला साहेब काय म्हणला ते?"

"ते नाही."

दिगंबरनं खाली बघितलं. "म्हणला, यांची उलटं लिहायची खोड काय जायची नाही. आन् बाकीचे हसले."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि अंगाची लाही लाही झाली. उलटं लिहायची खोड! ती खोड मोडण्यापायी तर त्याचा घात झाला. जुन्या सवयीनं गेला असता तर उत्तर बरोबर येत होतं. तो चुकला कारण त्यानं तुमचं ऐकलं, तुमच्यापेक्षा जास्त ऐकलं, अगदी डाव्या चपलेपर्यंत ऐकलं. आणि तुम्ही त्याच्या चुकीत बघितलं ते त्याचं नाव.

"मी बी उर्दूतच शिकलो की," दिगंबर म्हणाला. "माझी बी जीभ अडखळली. तर म्हणले, घाबरू नका, पाणी घ्या. मला पाणी दिलं जुबी त्यांनी."

त्या दुपारी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. दिगंबरनं कार्बन आणला, आम्ही हातानं नकला काढल्या आणि गुलमंडीच्या खांबांवर खळीनं चिकटवल्या. 'आधी पुस्तक, मग परीक्षा. चूक हाताची, शिक्षा जमातीची.' खाली मागणी, की मराठीत नव्यानं आलेल्या सर्व मुलांना, मग ती कुणाचीही असोत, पुन्हा संधी द्या. त्या मजकुरातला एकही शब्द मी आज बदलणार नाही. कचेरीत गेलो तर कारकून म्हणाला, उमेदवारानं स्वतः अर्ज करावा. भाईनं अर्ज केला नाही. मी पाया पडले, भांडले, त्याचा खडू फेकून दिला. तो नुसता म्हणाला, "राहू दे."

अब्बांना मराठी वाचता येत नव्हती. मी पत्रक त्यांना वाचून दाखवलं, साहेब काय म्हणाला तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बराबर लिखी," म्हणाले. "मगर कैंची चल गई सो चल गई. गिऱ्हाईक पूछता क्या, हात चूका के आँख चूकी?" जो कायदा ते स्वतःला लावत आले तोच त्यांनी पोराला लावला. मला त्या वेळी ते साहेबापेक्षाही दगड वाटले.

पुढचं थोडक्यात सांगते. चाचांकडं निरोप गेला, कागदपत्रं झाली. तिकडं गेल्यावर भाई ओव्हरसियर झाला, सिंधच्या कालव्यांवर जन्मभर मोजणी केली. ज्यांनी त्याला नापास केलं त्यांच्या मुलखात तेव्हा मोजणीला माणूस मिळत नव्हता, हेही लिहून ठेवते. अब्बांच्या मातीला त्याला येता आलं नाही. त्याच्या मातीला मला जाता आलं नाही. दोन्ही वेळा कागद वेळेत झाला नाही.

तो गेला ती सकाळ मात्र मला थोडक्यात सांगता येत नाही. गाडी मनमाडची, तिथून मुंबई, मुंबईहून बोट. अम्मी स्टेशनवर आली नाही. "मी नाय येत," म्हणाली. "पोरगं अर्ध्या वाटंतून फिरलं तर घरात कुणी पायजे." तिनं चुलीवर चौघांच्या भाताचं आधण ठेवलं आणि आम्हाला पाठ करून बसली. स्टेशनवर दिगंबर आला होता, भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं घेऊन. ते भाईच्या हातात देऊन तो लांब जाऊन उभा राहिला. अब्बा भाईच्या कॉलरशी चाळा करत होते. कॉलर नीट होती, तरी बसवत होते. गाडी उभी होती. एकाएकी अब्बांनी हात खाली घेतले.

"एक बात बोल मेरे कू. आता था के नै तेरे कू?"

भाईनं उत्तर मराठीत दिलं. अब्बांशी तो कधी मराठीत बोलत नसे. "येत होतं, अब्बा."

"फिर चल घर." अब्बांनी ट्रंकेची कडी धरली. "मैं जाता उनके पास. मैं बोलता. दुकान का देख लेंगे. चल."

भाईनं दुसरी कडी धरली. क्षणभर मला वाटलं, दोघं मिळून ट्रंक उचलणार आणि आम्ही घरी जाणार. पण त्यानं ती जमिनीवरच दाबून धरली होती.

"नको अब्बा. इथं राहिलो तर जन्मभर हेच सांगत फिरावं लागंल. मला येत होतं, मला येत होतं. किती जणांना सांगू?"

शिट्टी झाली. मग अब्बांनीच ट्रंक उचलली, डब्यात चढवली, बाकाखाली नीट सरकवली आणि खाली उतरले. भाई खिडकीत आला, पण आमच्याकडं बघितलं नाही त्यानं. दिगंबर उभा होता तिकडं बघत राहिला. गाडी गेली.

आम्ही चालतच घरी आलो. अम्मी दारात उभी होती. तिनं अब्बांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग आमच्या मागं बोळात बघत राहिली, बराच वेळ. आत गेली. आधण केव्हाचं उकळत होतं. तिनं पदरानं पातेलं उतरवलं, त्यातलं एका माणसापुरतं पाणी मोरीत ओतलं, आणि उरलेल्यात तांदूळ सोडले.